अनुभव किती?

ट्रकमालकांची बैठक कुठेही बसो, चहाचा दुसरा पेला येईपर्यंत एक वाक्य हमखास कानावर पडते : 'गाड्या उभ्या आहेत, ड्रायव्हर मिळत नाहीत.' कळंबोलीच्या एका वाहतूक कचेरीत बिल्ट्या लिहिण्यात माझी २६ वर्षे गेली. हे वाक्य इतक्यांदा ऐकले आहे, की आता ते डोक्यावरच्या पंख्याच्या घरघरीसारखे वाटते. गंमत अशी, की त्याच कचेरीच्या पायरीवर दर आठ-पंधरा दिवसांनी एखादा २१-२२ वर्षांचा मुलगा येऊन उभा राहतो. खिशात प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेले नवे कोरे हेवी लायसन. ते उलटसुलट पाहिले जाते आणि प्रश्न येतो, 'अनुभव किती?' मुलगा गप्प. 'एक-दोन वर्षं कुठंतरी चालवून ये, मग बघू.' हे 'कुठंतरी' नेमके कुठे, ते मात्र त्याला कोणी सांगत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर या मुलाचे काहीच उरलेले नसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहू गाडीसाठी वयाची २० वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्याआधी हलक्या वाहनाचे लायसन निदान वर्षभर हाती असावे लागते. ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला लागतो. पूर्वी आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ मध्ये निघाली. फी, एजंट, हेलपाटे हे सगळे उरकून तो आलेला असतो.

पण मालकही अगदीच खोटा नसतो. मुलगा जी गाडी शिकला, ती रिकामी होती. दोन आसांच्या ट्रकचे मालासह वजन १८.५ टनांपर्यंत असू शकते; २०१८ पूर्वी ही मर्यादा १६.२ टन होती. रिकामा ट्रक आणि भरलेला ट्रक या दोन वेगळ्या गाड्या आहेत, असे जुने ड्रायव्हर सांगतात ते शब्दश: खरे आहे. सपाट रस्त्यावर फरक कळत नाही. तो बोरघाट उतरताना कळतो. जो घाट ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा या धंद्यातला पहिला पाठ. गाडी एंजिनाने अडवायची, ब्रेक फक्त मदतीला. सारखा ब्रेक दाबून ठेवला की ड्रम तापतात, लायनर जळू लागतात, आणि एका वळणावर पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. त्याहून वाईट म्हणजे डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणे. काही महाभाग एंजिनही बंद करतात. एंजिन बंद म्हणजे हवेचा पंप बंद, स्टिअरिंग जड, आणि ब्रेकला उरली तेवढीच हवा! साताऱ्याकडून येताना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार यासाठीच बदनाम आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने कितीतरी गाड्यांना धडक दिली.

हे सगळे पूर्वी शिकवले कोणी? कुठल्या शाळेने नव्हे, क्लीनरच्या सीटने. १५-१६ वर्षांचा पोरगा उस्तादाबरोबर निघे. काच पुसायची, ताडपत्री बांधायची, रस्सी ताणायची, चढावर चाकामागे लाकडी ओंडका टाकायचा, गाडी मागे घेताना उतरून 'येऊ द्या, येऊ द्या' करायचे. थांबल्यावर टायरवर पान्याने ठोकून आवाजावरून हवा ओळखायची. दोन-तीन वर्षांत भरलेली गाडी त्याच्या अंगात मुरे. मग पहाटे एखाद्या मोकळ्या पट्ट्यावर उस्ताद स्टिअरिंग हाती देई. यातले बरेचसे बेकायदा होते. पोरांना मार पडे, पगाराच्या नावाने कित्येकदा जेवण आणि चहाच मिळे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. पण लायसन हातात पडे तेव्हा 'अनुभव किती' हा प्रश्न उरत नसे, कारण उस्तादच त्याचा दाखला असे.

ती सीट हळूहळू रिकामी झाली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, राज्यांच्या सीमेवरच्या विक्रीकर चौक्या गेल्या. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, टोलवर उतरून पैसे देणे संपले. टायर सुधारले, रस्ते सुधारले. क्लीनरच्या पगार-भत्त्याकडे बोट दाखवून मालक विचारू लागला, 'हा करतो काय?' हिशेबाने त्याचे बरोबर होते. डिझेल, हप्ता, विमा वजा जाता हाती उरते ते फार नसते. फक्त त्या काटछाटीत आपण उद्याचा ड्रायव्हर काटतो आहोत, हे कोणाच्या वहीत लिहिले गेले नाही.

आता नव्या मुलांची वाट वेगळी झाली आहे. कोणी 'छोटा हत्ती'वर भाजी ओढतो, मग पिकअप, मग ४०७. कोणी पाण्याच्या टँकरवर लागतो. कोणी उरणला बंदराबाहेर यार्ड ते यार्ड कंटेनर हलवतो. अंतर थोडे, पण भरलेल्या ट्रेलरचा हात बसतो. ही वाट वाईट नाही. धोका असतो तो घाईला आलेल्या मालकाचा. तो अनुभव विचारत नाही, कारण त्याची गाडी धरून चालणारा दुसरा कोणी नसतो. पोराच्या हाती जुनी गाडी, झिजलेले टायर आणि रात्रीचा घाट येतो. वर 'विश्वासासाठी' मूळ लायसन कचेरीत ठेवून घेतले जाते. मी येणाऱ्या मुलांना दोनच गोष्टी सांगतो. लायसन कोणाकडे ठेवायचे नाही. आणि चावी घेण्याआधी हवेचा काटा व टायर स्वत: पाहायचे, नको वाटले तर नाही म्हणायचे. पाच किंवा अधिक कामगार असतील तिथे २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा लागू होता, त्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती, हेही सांगत असे. मुले हसत.

गेल्या वर्षी माण तालुक्यातला एक मुलगा असाच आला. तीन कचेऱ्यांतून परत फिरलेला. 'काका, चालवाय येतंय की मला. एकदा बघा तरी,' म्हणाला. बंगळूरच्या फेरीवर जाणारा आमच्याकडचा एक जुना ड्रायव्हर बाजूलाच चहा पीत होता. वय साठीकडे झुकलेले, गुडघे कुरकुरणारे. मी मालकाला म्हटले, ती बाजूची सीट तशीही रिकामीच जाते. मालक म्हणाला, 'भत्ता कोण देणार?' बरीच घासाघीस झाली. जेवणखाण मालकाचे, पगार नाही, चार फेऱ्या. पाचवीला बघू, असे ठरले. पगाराचे मला पटले नव्हते, अजूनही पटत नाही.

पहिल्या फेरीत म्हाताऱ्याने त्याला स्टिअरिंगला हातच लावू दिला नाही. दुसऱ्या फेरीत निपाणीपुढचा सपाट पट्टा दिला. परत आल्यावर मी विचारले, 'कसा आहे?' म्हातारा म्हणाला, 'पळवतो झक्कास. थांबवायला शिकतोय.' तिसऱ्या फेरीत खंबाटकी चढताना गिअर त्याने टाकले, म्हाताऱ्याने नुसते ऐकले.

चौथ्या फेरीनंतर मुलाला दहा चाकी मिळाली. पहिला पगार निघाला तेव्हा त्याने मागच्या चार फेऱ्यांचा हिशेब काढून मालकापुढे ठेवला. तो कागद अजून मालकाच्या खणात आहे.