तुरुंगातून पुन्हा महापौरपदावर

जानेवारी १९९० मध्ये अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनचे महापौर मॅरियन बॅरी एका हॉटेलात कोकेन ओढताना एफबीआयच्या कॅमेऱ्यात सापडले. सहा महिन्यांची शिक्षा झाली. १९९४ मध्ये त्याच शहराने त्यांना पुन्हा महापौर केले. बाहेरच्यांना हा मूर्खपणा वाटला. मला तसे वाटत नाही.

आधी निवडणुकीची रीत पाहू. या शहरावर डेमोक्रॅटिक पक्षाचा एवढा पगडा आहे की पक्षाचा उमेदवार ठरवणारी, तेव्हा सप्टेंबरमध्ये होणारी निवडणूकच निर्णायक ठरते. तिथे दुसरी फेरी नव्हती; सर्वाधिक मते मिळवणारा जिंकला. बॅरींना ४७ टक्के, नगरसेवक जॉन रे यांना ३७ आणि विद्यमान महापौर शॅरन प्रॅट केली यांना १३ टक्के मते पडली. म्हणजे निम्म्याहून अधिक मतदारांनी बॅरींना निवडले नव्हते, पण ती मते विखुरली.

तरी ४७ टक्के कुठून आले? इथे जुनी पुण्याई कामाला आली. १९७९ पासून बॅरींनी तरुणांसाठी उन्हाळी नोकऱ्यांची योजना चालवली होती. कित्येकांच्या हाती आयुष्यातला पहिला पगार तिने दिला. महापालिकेच्या नोकऱ्या आणि कंत्राटे त्यांनी कृष्णवर्णीयांना खुली केली. ॲनाकोस्टिया नदीपलीकडच्या गरीब वस्त्यांत हे कोणी विसरले नव्हते. तुरुंगातून सुटल्यावर बॅरी तिथेच राहायला गेले आणि १९९२ मध्ये नगरसेवक झाले. आपले पतन त्यांनी लपवले नाही, उलट सावरण्याची कहाणी म्हणून उघडपणे सांगितले. आपल्याही घरातले कोणी व्यसनात बुडालेले पाहिलेल्या मतदाराला ती पटली. शिवाय ज्या शहराला अमेरिकी संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, मतदानाचा हक्क असलेला एकही प्रतिनिधी नाही, तिथे केंद्राच्या एफबीआयने हॉटेलात रचलेल्या सापळ्याबद्दल संशय असणे स्वाभाविक होते.

आता प्रतिस्पर्धी. केली स्वच्छ कारभाराचे वचन देऊन आल्या होत्या, पण तूट वाढत गेली आणि नोकरकपातीने कर्मचारी दुखावले. रे यांचा जोर प्रामुख्याने श्वेतवर्णीयांच्या वस्त्यांत होता. नदीपलीकडच्यांना मात्र ते आपले वाटले नाहीत. बॅरींच्या चुका सांगणारे पुष्कळ होते, पण गरिबाच्या रोजगाराचे काय, याचे पटणारे उत्तर कोणी दिले नाही. माझ्या मते निकाल तिथेच लागला.

नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत रिपब्लिकन कॅरल श्वार्ट्झ यांना या शहरातही ४२ टक्के मते मिळाली, तरी बॅरी ५६ टक्के मते घेऊन जिंकले. शहराची तिजोरी मात्र रिकामीच होती. १९९५ मध्ये काँग्रेसने वित्तीय नियंत्रण मंडळ स्थापन केले आणि १९९७ मध्ये बहुतेक खाती महापौरांच्या हातून काढून घेतली.