संगणकाची शिदोरी

गेल्या वर्षी ऐन सुनावणीच्या सकाळी आमच्या युनियनच्या कचेरीतला संगणक उठेना. कामगारांच्या ग्रॅच्युइटीचे दावे आत होते. डिस्क शाबूत, कागद शाबूत. पण काळ्या पडद्यावर एकच तक्रार : मूळ फाइलव्यवस्था जोडता येत नाही. असे का व्हावे, हे दुरुस्तीला आलेल्या पोराच्या मागे लागून आम्ही शिकलो.

हा संगणक लिनक्सवर चालतो. लिनस टोरव्हाल्ड्स याने १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना ते सुरू केले. त्याचा गाभा म्हणजे कर्नल. संगणक सुरू झाला की कर्नलला डिस्कवरच्या फायली हव्या असतात. डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर तर डिस्कवरच! किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप. सगळेच ड्रायव्हर कर्नलच्या पोटात का घालू नयेत, असे कोणी विचारील. घालता येतात; पण जे यंत्र आपल्याकडे नाही, त्याचे ओझे आपण का वाहावे?

म्हणून शिदोरी बांधून देतात. तिचे नाव इनिटरामएफएस. कर्नलच्या आधी जागा होणारा ग्रब नावाचा छोटा प्रोग्राम यंत्राच्या अंगभूत फर्मवेअरच्या मदतीने डिस्क वाचतो, आणि कर्नल व शिदोरी दोन्ही मेमरीत आणून ठेवतो. शिदोरी म्हणजे सीपीआयओ या जुन्या युनिक्स पद्धतीने बांधलेले, बहुधा दाबून लहान केलेले फायलींचे गाठोडे. कर्नल ते मेमरीतच सोडतो आणि आतला इनिट हा प्रोग्राम चालवतो. तो ड्रायव्हर चढवतो, डिस्क शोधतो, ती कुलूपबंद असेल तर परवलीचा शब्द विचारतो, आणि खरी फाइलव्यवस्था जोडतो. मग गाठोड्यातल्या फायली पुसून मेमरी मोकळी होते, आणि डिस्कवरचा खरा इनिट त्याच एक नंबरच्या जागेवर बसतो. पदाला न चिकटणारा असा सेक्रेटरी आम्ही युनियनमध्ये क्वचितच पाहिला!

पूर्वी इनिटआरडी होती. ती ठरावीक मापाची नकली डिस्क. तिच्यावरची फाइलव्यवस्था वाचण्याची सोय कर्नलमध्ये आधीच लागे. २००३ च्या २.६ कर्नलपासून नवी पद्धत रुळली.

आमच्याकडे रात्री नवे कर्नल बसले, पण डिस्कवरचा बूटचा कप्पा भरलेला असल्याने त्याची शिदोरी बांधलीच गेली नाही. पोराने ग्रबच्या यादीतून जुने कर्नल निवडले. त्याची शिदोरी जागेवर होती. संगणक उठला, दावे छापून निघाले. मग बूटच्या कप्प्यातली दोन जुनी कर्नले काढून त्याने नवी शिदोरी बांधली.