पहिले लेथ मशीन घेताना

आमच्या वस्तीतील एका तरुणाने लाकूडकामाचे जुने लेथ मशीन विकत घेतले. आईने गळ्यातली पोत गहाण ठेवून पैसे उभे केले होते. भक्कम मशीन स्वस्तात मिळाले म्हणून घरात आनंद झाला. पण मशीन घरी आल्यावर वायरमनने सांगितले, मोटर थ्री-फेजची आहे, घरच्या सिंगल-फेज जोडणीवर चालणार नाही. मोटर बदलेपर्यंत दोन महिने मशीन ताडपत्रीखाली पडून राहिले. व्याज मात्र पडून राहिले नाही. विकणाऱ्याने सांगितले नाही आणि याने विचारले नाही. काय विचारायचे हेच त्याला ठाऊक नव्हते. असा प्रसंग दुसऱ्या घरावर येऊ नये, म्हणून ही माहिती.

काय बनवणार, ते आधी ठरवा

लाटणे, रवी, पोळपाट, भोवरा, पलंगाचे पाय ही सारी लेथवरची कामे. येथे लाकूड फिरते आणि पटाशी आपल्या हातात असते. लोखंडकामाच्या लेथमध्ये हत्यार मशीनलाच बसवलेले असते. ते मशीन वेगळे, त्याच्या मोहात पडू नये.

लाटणे-रवीसाठी दोन टोकांमध्ये दीड फूट जागा पुरते. पोळपाटासाठी मात्र फिरत्या टोकाच्या मध्यापासून खालच्या बेडपर्यंतची उंची मोजा. नऊ इंची पोळपाटाला साडेचार इंच तर लागतातच, म्हणून निदान पाच-सहा इंच असावेत. पलंगाच्या पायांना लांब बेड हवा आणि त्याची किंमतही जास्त. नवशिक्याने लहान मशीनपासून सुरुवात करावी. अशा मशीनला अर्ध्या हॉर्सपॉवरची सिंगल-फेज मोटर चालते.

वजनाला घाबरू नका. हलके मशीन थरथरते आणि थरथरत्या मशीनवर हात बसत नाही. हातातल्या ड्रिलला जोडून केलेले लेथ तर टाळाच. ड्रिलच्या बेअरिंग बाजूने येणारा एवढा दाब सोसण्यासाठी बनवलेल्या नसतात.

पैसे देण्यापूर्वी पाहा

1. फिरणारा दांडा हाताने वर-खाली हलवा. खडखड वाटली तर बेअरिंग झिजली आहे.
2. मागचा आधार पुढे सरकवा. दोन्हीकडची टोके समोरासमोर नेमकी भिडली पाहिजेत.
3. पटाशी टेकवण्याची पट्टी घट्ट आवळा आणि जोराने दाबून पाहा. ती सरकता कामा नये.
4. वेग किती कमी होतो ते विचारा. तेवढ्याच फेऱ्यांत नऊ इंची पोळपाटाची कड दोन इंची लाटण्याच्या साडेचार पट वेगाने धावते. पोळपाटाची फळी मिनिटाला 500 फेऱ्यांच्या आतच सुरू करावी. पुलीवर पट्टा सरकवून वेग बदलणारे मशीन स्वस्त पडते आणि गावातही दुरुस्त होते.
5. मोटरवरची पाटी वाचा. फेज आणि हॉर्सपॉवर तिथेच लिहिलेले असते.

सगळा पैसा मशीनमध्ये घालू नका

शंभर रुपये असतील तर साठ मशीनला ठेवा. उरलेले चाळीस पटाश्या, धार लावायचे ग्राइंडर आणि चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल यांना लागतात. बोथट पटाशी लाकूड कापत नाही, ओरबाडते. हायस्पीड स्टीलच्या तीन-चार पटाश्या पुरेत. जुन्या कानशीची पटाशी कोणी फुकट दिली तरी घेऊ नका. कानस ठिसूळ असते, झटका बसला की तुटून अंगावर येते. लांब लाकूड गोल करायची मोठी गोल पटाशी पोळपाटाच्या फळीवर कधीही चालवू नये. महागडा चक नंतर घेता येतो.

काम करताना ओढणी, पदर, सैल बाही, गळ्यातली माळ, हातमोजे नकोत. केस बांधावेत. भेगाळलेले लाकूड लावू नये. सुरू करताना लाकडाच्या रेषेत उभे न राहता बाजूला उभे राहावे. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

कर्जाचा विचार

2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत सुतार आणि पारंपरिक खेळणी बनवणारे आहेत. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज अशी तिची तरतूद आहे. पण ती त्या व्यवसायात आधीपासून असलेल्यांसाठी आहे. म्हणून नवशिक्याने आधी एखाद्या कारागिराच्या हाताखाली महिनाभर काम करावे. हात बसतो की नाही, हे कर्ज काढण्यापूर्वीच कळते.

आमच्या वस्तीतल्या त्या मशीनवर आता लाटणी होतात. पोत अजून सुटायची आहे. त्याची आई येईल-जाईल त्याला एकच सांगते, "मशीन आपल्या डोळ्यांसमोर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका रे बाबांनो."