नमुना रखडला की आकडे बदलतात

रक्त नळीत आल्यावरही पेशींचं काम चालूच असतं. त्या साखर वापरतात, आतले घटक बाहेर सोडतात. म्हणून सीरम साधारण २ तासांत पेशींपासून वेगळं करतात.

• साखर : साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, तासाला सुमारे ५ ते ७ टक्के घटते. उपाशीपोटीची १३० ही पातळी दोन तासांत ११५च्या आसपास दिसू शकते. मधुमेहाची रेषा १२६ची. म्हणजे निदानच हुकू शकतं. राखाडी टोपणाच्या नळीतलं फ्लोराइड ही घट थांबवतं, पण लगेच नाही. सुरुवातीला थोडी साखर कमी होतेच.

• पोटॅशियम : हे उलट वाढतं. सीरम वेगळं न करता नळी फ्रिजमध्ये ठेवली तर आणखीच, कारण थंडीत पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो. धोक्याचा आकडा येतो, रुग्ण मात्र ठीक असतो.

• अमोनिया : नळी बर्फात, तपासणी तातडीने.

• बिलिरुबिन : उजेडात घटतं, नळी झाकून ठेवतात.

• सीबीसी : जांभळ्या टोपणाच्या नळीत हिमोग्लोबिन २४ तास टिकतं. काचपट्टी मात्र लवकर करावी लागते, पेशींचं रूप बदलतं.

• एचबीएवनसी : फ्रिजमध्ये आठवडाभर स्थिर.

अनपेक्षित आकडा आल्यास रिपोर्टवरची नमुना घेतल्याची आणि प्रयोगशाळेत पोहोचल्याची वेळ पाहावी.