श्वानाच्या तोंडून सांगितलेला बोलपट

मुक्या प्राण्याला वाचा फुटली तर तो माणसाविषयीं काय सांगेल, ही कल्पना पंचतंत्राइतकी जुनी आहे. परंतु सबंध बोलपटाचें निवेदन एका कुत्र्याकडे सोंपविण्याचें धाडस अमेरिकेंतील मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेनें १९५५ सालीं केलें. 'इट्स अ डॉग्ज लाइफ' हें त्या बोलपटाचें नांव. दिग्दर्शक हर्मन हॉफमन. आज तो बहुतेक विस्मृतींत गेला आहे. पण त्यांतील प्रयोग विचार करण्याजोगा आहे.

मूळ कथा रिचर्ड हार्डिंग डेव्हिस या युद्धवार्ताहराची. १९०३ सालीं ती 'द बार सिनिस्टर' या नांवानें पुस्तकरूपानें निघाली. युरोपांतील सरदार घराण्यांच्या ढालीवरील जो तिरपा पट्टा लोकसमजुतीप्रमाणें अनौरस जन्माची खूण मानला जाई, त्यावरून हें नांव घेतलें आहे. कथानायक आहे न्यूयॉर्कच्या बावरी वस्तींतील एक बुल टेरियर. बोलपटांत त्याचें नांव वाइल्डफायर, आणि आवाज व्हिक मॉरो या नटाचा.

बाप नामांकित पारितोषिकविजेता. आईला टाकून गेलेल्या या बापाविषयीं मनांत अढी धरूनच वाइल्डफायर वाढतो. पैजेच्या झुंजींत तो मालकाला पैसा मिळवून देतो, आणि हरतांच टाकून दिला जातो. पुढें एका श्रीमंताच्या वाड्यावरील वृद्ध मोतद्दार त्याला आसरा देतो. हें काम एडमंड ग्वेन यांनीं केलें आहे. शेवटीं श्वानप्रदर्शनांत बापलेक समोरासमोर उभे राहतात.

आतां ही दृष्टि खरोखर कुत्र्याची आहे काय? कुत्र्याला तांबडा व हिरवा हे रंग नीट वेगळे ओळखतां येत नाहींत. हा बोलपट तर पूर्ण रंगीत आहे. कुत्र्याचें जग मुख्यतः वासाचें. पडद्याला वास नाहीं. तेव्हां येथें डोळा माणसाचाच आहे. कुत्र्याचें आहे तें माप. माणूस गरीब कीं श्रीमंत, हें वाइल्डफायरच्या लेखीं गौण. पुढें आलेला हात मारावयास उचलला आहे कीं कुरवाळावयास, एवढेंच तो पाहतो.

मात्र एक गोष्ट नजरेआड करतां येत नाहीं. नायकाचा गौरव होतो तो प्रदर्शनांत, जेथें कानाची ठेवण आणि अंगाचा बांधा पाहून निवाडा होतो. आणि त्याच्या अंगीं अखेर विजेत्या बापाचेंच रक्त आहे. जन्माचा डाग पुसावयास निघालेली कथा जन्माच्याच साक्षीवर विसंबते. बाप कोणी सामान्य कुत्रा असता, तर मोतद्दारानें ओळखलेली त्याची योग्यता परीक्षकाला दिसली असती काय? हा प्रश्न वाइल्डफायर विचारीत नाहीं. बोलपट पाहून उठणाऱ्यानें तो स्वतःला विचारावयाचा आहे.