डायलिसिसच्या अलीकडे बरेच काही आहे

आषाढी वारी आटोपून माणसे पंढरपुराहून परतली, की पुढचे पंधरा दिवस सोलापुरातील माझ्या दवाखान्यात एक ठरावीक दृश्य दिसते. सत्तरी ओलांडलेले आजोबा, ओढलेला चेहरा, मेलेली भूक. आणि सोबत आलेल्या सुनेच्या हाती रक्ततपासणीचा कागद. असेच एक गृहस्थ आले. आयुष्यभर यंत्रमागापाशी उभे राहून गुडघे झिजलेले. वाटेत दुखणे असह्य झाले म्हणून औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या घेऊन, रोज दोन-तीन खात ते चालत राहिले. मध्ये दोन दिवस जुलाब झाले. रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी मात्र त्यांनी इमानाने चालू ठेवली होती. क्रिएटिनिन ३.२ आले. सुनेने विचारले, "डॉक्टर, मामांना डायलिसिसला न्यावे लागणार का?"

न्यावे लागले नाही. रुग्णालयात सलाईन दिले, वेदनाशामक कायमचे बंद केले, बाकीच्या दोन गोळ्या काही दिवस थांबवून मग पुन्हा सुरू केल्या. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.४ वर उतरले.

वाचकहो, मूत्रपिंडाचे नाव निघताच घरातली माणसे एकदम डायलिसिसच्या खोलीपर्यंत पोहोचतात. मधली सारी वाट त्यांना दिसतच नाही. अचानक बिघडलेली मूत्रपिंडे, कारण वेळीच दूर केले तर, पुष्कळदा सावरतात. मुतखडा किंवा वाढलेल्या प्रोस्टेटमुळे लघवी तुंबली असेल, तर ती वाट मोकळी करणे हाच उपचार असतो. म्हणून क्रिएटिनिन वाढलेले दिसताच पोटाची सोनोग्राफी सांगितली जाते. तो खर्च वायफळ नव्हे. दीर्घकालीन विकार म्हणायचा तर बिघाड तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेला असावा लागतो.

क्रिएटिनिनच्या आकड्यानेही फसू नये. ते स्नायूंतून तयार होते आणि वृद्धांचे स्नायू आटलेले असतात. १.४ हा आकडा तिशीतल्या तरुणाचा असेल, तर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता ७०च्या आसपास भरते; ७८ वर्षांच्या आजींचा असेल, तर तीच ४०च्या खाली जाते. कागदावर 'ईजीएफआर' लिहिलेले असते ते हेच. त्याच्या जोडीने लघवीतील अल्ब्युमिन तपासावे. मधुमेह व रक्तदाब असलेल्यांनी या दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा तरी कराव्यात, कारण सूज येईपर्यंत वाट पाहिली तर फार उशीर झालेला असतो.

दीर्घकालीन विकारात गेलेली क्षमता सहसा परत येत नाही. पण उतरण मंद करता येते, आणि वयाच्या पंचाहत्तरीत उतरण मंद करणे म्हणजे अनेकांच्या बाबतीत डायलिसिस आयुष्याबाहेर ठेवणे होय. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल ही औषधे रक्तदाब तर उतरवतातच, शिवाय लघवीतून जाणारे प्रथिनही कमी करतात. ती सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे वाढते. तीस टक्क्यांपर्यंतची ही वाढ बहुधा स्वीकारार्ह असते. घाबरून आपण होऊन गोळी बंद करू नये, दोन-तीन आठवड्यांनी पोटॅशियमसह रक्त तपासून घ्यावे. दुसरे औषध डॅपाग्लिफ्लोझिन. ते आले मधुमेहासाठी, पण मधुमेह नसलेल्या मूत्रपिंडरुग्णांनाही त्याचा लाभ होतो असे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले. त्याच्या सेवनात जननेंद्रियाची स्वच्छता सांभाळावी. आणि उलट्या-जुलाब लागले, अन्नपाणी तुटले, की हे औषध, मेटफॉर्मिन व वरच्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावे. निर्जळी एकादशी करणाऱ्यांनी तर आधीच विचारलेले बरे.

आहाराविषयी घरोघरी जे चालते ते पाहून मन उदास होते. एकीकडे शेंगाचटणी, पापड, लोणचे तसेच ताटात, आणि दुसरीकडे 'प्रोटीन नको' म्हणून वृद्ध माणसाचे वरणच तोडलेले! दिवसाचे मीठ सपाट चमचाभराच्या आत आणा. सैंधव हेही मीठच आहे. 'कमी सोडियम'च्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडे दुबळी असतील तर ते धोक्याचे, तसेच नारळपाणीही. वरण सहसा बंद नको, बेताचे असावे. अनोळखी भस्मे व काढे मात्र बंदच.

मुतखड्याविषयी थोडक्यात: आमच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, घामाने लघवी दाट होते आणि खडे धरतात. पाच मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुधा आपोआप पडतो. मोठ्यासाठी ध्वनितरंग, दुर्बीण, लेझर हे मार्ग आहेत. दूध सोडण्याचे कारण नाही. परंतु थंडी वाजून तापासह खड्याचे दुखणे आले, तर ती रात्र घरी काढू नका.

आता डायलिसिस. या यंत्राने जगलेली पहिली व्यक्ती ६७ वर्षांची एक स्त्री होती, नेदरलँड्समध्ये, १९४५ साली. तेव्हा वयाचा प्रश्न नाही. केव्हा सुरू करायचे, हे एकट्या क्रिएटिनिनवर ठरत नाही. मळमळ, धाप, न उतरणारी सूज, वाढलेले पोटॅशियम यांवर ठरते. लवकर सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आयडियल चाचणीत दिसले. तयारी मात्र लवकर हवी. हाताचा फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला काही आठवडे ते महिने लागतात, म्हणून ज्या हाताचा कमी वापर आहे त्या हाताच्या शिरांतून रक्त काढू देऊ नका. करमाळा वा मंगळवेढ्याच्या वस्तीवरून आठवड्यातून तीनदा शहरात येणे ज्यांना अशक्य, त्यांनी घरी करण्याच्या पोटाच्या डायलिसिसविषयी जरूर विचारावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. रेशनकार्ड घेऊन संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. प्रत्यारोपणासाठी १९९४ चा कायदा आहे. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडेही जवळच्या नात्यात आली.

आणखी एक मार्ग आहे, ज्याविषयी आपण बोलत नाही. माझ्या एका ८४ वर्षांच्या रुग्ण आजी, हृदय आधीच थकलेले. मुले डायलिसिसच्या खर्चाची जुळवाजुळव करत होती. आजींना कोणी विचारलेच नव्हते. विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सुईला भीत नाही मी. पण आठवड्याचे तीन दिवस तिथे पडून राहायचे नाही." मूत्रपिंडतज्ज्ञांच्या सल्ल्याने त्यांना सूज, खाज, मळमळ यांवर औषधे दिली, रक्त वाढवण्याची इंजेक्शने दिली. हा उपचार सोडणे नव्हे. हाही उपचारच आहे. अनेक व्याधींनी जर्जर झालेल्या अतिवृद्धांना डायलिसिसने मिळणारा जादा काळ बराचसा रुग्णालयातच जातो, हे मुलांना समजावताना मला शब्द शोधावे लागले. आजी आठ महिने घरीच होत्या, शेवटचा आठवडा सोडला तर स्वतः उठून अंगणात येत. थोरल्या मुलाला अजूनही आपण कमी पडलो असे वाटते. तो येतो, बसतो, तेच पुन्हा विचारतो. मीही तेच पुन्हा सांगतो.

ते वारकरी गृहस्थ आता गुडघ्यांसाठी शेक, व्यायाम आणि लागेल तेव्हा मोजकी पॅरासिटामॉल यांवर आहेत. परवा त्यांनी कार्तिकीला जाऊ का, असे विचारले. जा म्हटले, निघण्याआधी औषधांची पिशवी मला दाखवायची, एवढ्या अटीवर.