अडतिसावं वर्ष

देवळीजवळच्या एका गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमदंगल व्हायची. मी दहा-अकरा वर्षांचा असताना तिथे पाहिलेली एक कुस्ती अजून डोळ्यांसमोर आहे. एकीकडे चाळिशी ओलांडलेले पैलवान, छातीवरचे केस पांढरे, उजव्या गुडघ्याला कापड बांधलेलं. समोर विशीतला पोरगा. डफडं वाजत होतं. पैलवानांनी दोनदा पट काढायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा पाय अर्ध्या वाटेतच थांबला. तिसऱ्या खेपेला पोराने त्यांना उचललं आणि पाठीवर आणलं. मग इनाम घ्यायला जाण्याआधी त्याने त्यांच्या पाठीची माती हाताने झटकली आणि पायाला हात लावला.

घरी परतताना बैलगाडीत काका त्या पैलवानांबद्दलच बोलत होते, पण त्या दिवसाबद्दल नाही. पंधरा वर्षांपूर्वी आर्वीला त्यांनी कोणाला कसं चीत केलं, तेच रंगवून सांगणं चाललं होतं. “आजची कुस्ती?” मी विचारलं. “ते सोड नं,” काका म्हणाले.

हा ‘सोड नं’ बॉक्सिंगमध्ये नाही. व्यावसायिक मुष्टियोद्ध्याच्या नावापुढे आयुष्यभर आकडे चिकटलेले असतात. विजय किती, पराभव किती, किती जणांना ठोसा लगावून आडवं केलं. महंमद अलीच्या नावापुढे 56 विजय आणि 5 पराभव आहेत. आकडा खरा आहे, पण नुसता वाचला तर दिशाभूल करतो. पहिल्या 57 लढतींत अली फक्त दोनदा हरला होता, 1971 मध्ये जो फ्रेझियरकडून आणि 1973 मध्ये केन नॉर्टनकडून. पुढे दोघांनाही त्याने हरवलं. उरलेले तीन पराभव शेवटच्या चार लढतींतले आहेत.

त्यातला 2 ऑक्टोबर 1980 चा लास व्हेगासचा पराभव सगळ्यात वाईट. अली 38 वर्षांचा, एकदा निवृत्त होऊन परतलेला. समोरचा लॅरी होम्स कधीकाळी त्याच्याच सरावाचा जोडीदार होता. लढतीआधी मेयो क्लिनिकमध्ये अलीची तपासणी झाली होती. नाकाच्या शेंड्याला बोट नेमकं लावणं, एका पायावर सहज उड्या मारणं त्याला नीट जमत नव्हतं, जिभेवर किंचित जडपणा होता, हे त्या अहवालात आलं होतं. तरीही परवाना मिळाला. थायरॉइडच्या गोळ्या खाऊन त्याने वजन उतरवलं. आरशात तो जुना अली दिसायला लागला, पण अंगात जोर उरला नव्हता. दहा फेऱ्या होम्स मारत राहिला आणि मधेमधे पंचाकडे पाहत राहिला, की आता थांबवा. दहाव्या फेरीनंतर प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत थांबवली. नंतर होम्स रडला.

आता अडतीस हा आकडा पाहा. जानेवारी 1988 मध्ये माईक टायसनने होम्सला चौथ्या फेरीत झोपवलं, तेव्हा होम्स 38 वर्षांचा होता. जून 2005 मध्ये केविन मॅकब्राइडसारख्या साधारण मुष्टियोद्ध्यापुढे टायसन स्टुलावरून उठलाच नाही, तेव्हा तोही 38 चा. 29 जुलै 2021 ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाने मेरी कोमला पंचांच्या 3-2 अशा विभागलेल्या कौलाने हरवलं, तेव्हा मेरीही 38 चीच. हा योगायोग असेल. पण हे वय असं का भोवतं, याला कारण आहे.

ठोशातली ताकद सगळ्यात शेवटी जाते. आधी जातात पाय, मग नजर आणि हालचाल यांच्यातला तो क्षणाचा मेळ. पंचविशीत ठोसा दिसताक्षणी मान बाजूला होते. अडतिशीत ठोसा दिसतो, पण मान हलेपर्यंत तो लागलेला असतो. योद्ध्याला मात्र आपला ठोसा पहिल्यासारखाच जड वाटतो, म्हणून तो फसतो. त्यात जॉर्ज फोरमनसारखं उदाहरण समोर असतं. 1994 मध्ये 45 व्या वर्षी त्याने मायकल मूररला पाडून जगज्जेतेपद परत मिळवलं. त्या एका उदाहरणाने किती जणांना पुन्हा रिंगणात ओढलं असेल!

आणि पैसा. 1937 पासून जवळपास 12 वर्षं जगज्जेता राहिलेला, 25 वेळा किताब राखलेला जो लुई 1949 मध्ये निवृत्त झाला होता. अमेरिकी सरकारच्या कराची थकबाकी डोक्यावर आली आणि त्याला परतावं लागलं. 1950 मध्ये एझर्ड चार्ल्सने त्याला गुणांवर हरवलं. 26 ऑक्टोबर 1951 ला न्यूयॉर्कमध्ये रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत त्याला दोरांतून बाहेर फेकलं. लुईच्या 69 लढतींत पराभव तीनच, त्यातले दोन या कर्जाच्या काळातले. ते त्याच्या खात्यावर मांडायचे की त्या करवसुलीच्या?

जाणकार माणसं हे कसं तोलतात? ती पराभवांची संख्या आधी बघत नाहीत. कोणाला हरवलं, ते केव्हा भरात होते आणि हा स्वतः केव्हा भरात होता, हे बघतात. शुगर रे रॉबिन्सन 1940 मध्ये व्यावसायिक झाला आणि 1951 च्या उन्हाळ्यापर्यंत एकदाच हरला. मग 1965 पर्यंत लढत राहिला आणि पराभवांचा आकडा 19 वर गेला. तरीही सर्व वजनगटांतला सर्वोत्तम कोण, या प्रश्नाला आजही अनेक जाणकार त्याचंच नाव देतात. त्या उतरणीच्या पराभवांनी त्याच्या नावाला धक्का लागला नाही.

पण प्रत्येकाला ही सूट मिळत नाही. 2004 मध्ये अँटोनियो टार्व्हरने रॉय जोन्सला दुसऱ्या फेरीत पाडलं आणि जोन्सचं आधीचं यशच लोक उलटं तपासू लागले. कारण उघड आहे. रॉबिन्सनची कीर्ती त्याने हरवलेल्या माणसांवर उभी होती, जोन्सची मात्र त्याला कोणी हात लावू शकत नाही या भावनेवर. अजिंक्यपणावर बांधलेलं घर एका तडाख्यात कोसळतं. मला स्वतःला हा जोन्सवर अन्याय वाटतो, पण हिशेब असाच होतो.

आपल्याकडेही ते दिसलं. विजेंदर सिंग, 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमधला कांस्यविजेता, व्यावसायिक झाल्यावर सलग 12 लढती जिंकला. 19 मार्च 2021 ला पणजीत, मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर, 35 व्या वर्षी त्याच्यासमोर रशियाचा उंचापुरा आर्तिश लोपसान उभा राहिला. पाचव्या फेरीत लढत थांबली आणि ‘अपराजित’ हे बिरुद तिथेच गळून पडलं. पण बीजिंगचं पदक त्या जहाजावर पणाला लागलंच नव्हतं. ते आजही भारतीय बॉक्सिंगचं पहिलं ऑलिम्पिक पदक आहे. मेरीचंही तसंच. टोकियोच्या त्या लढतीनंतर आपण हरलो हे काही वेळ तिला उमगलंच नव्हतं, असं तिने सांगितलं होतं. 2002 ते 2018 या काळातली सहा जगज्जेतेपदं त्या कौलाने पाच झाली नाहीत.

कुस्तीत आपण वेगळं वागतो. 1910 मध्ये लंडनला पोलंडचा झिबिस्को अडीच तासांहून अधिक काळ गामाखाली पोटावर पडून राहिला, पण चीत झाला नाही. 1928 मध्ये पतियाळ्यात पुन्हा जोड लागली तेव्हा झिबिस्को 48 चा आणि गामा त्याच्याच आगेमागे. मिनिटभरात निकाल लागला. आपल्या गोष्टींत तो गामाचा पराक्रम म्हणून येतो. पन्नाशीकडे झुकलेल्या झिबिस्कोचं वय कोणी सांगत नाही. आणि आपल्याकडे ‘केसरी’ एकदा झाला की तो केसरीच. 1961 साली पहिले महाराष्ट्र केसरी झालेल्या दिनकर दह्यारींच्या नावामागे तो किताब कायमचा लागला. देवळीचे रामदास तडस 2014 ते 2024 वर्ध्याचे खासदार होते, तरी जिल्ह्यात त्यांची ओळख पैलवान आणि विदर्भ केसरी अशीच. ते कोणाकडून आणि कधी हरले, हे पारावर कोणी मोजत बसत नाही.

ही मातीची माया मला प्रिय आहे. पण तिची एक बाजू मोठेपणी कळली. पराभव विसरले की शरीरावरचे घावही विसरले जातात. बॉक्सिंगची निर्दय वही निदान तारखा तरी ठेवते. ज्या वर्षी पतियाळ्यात ती कुस्ती झाली, त्याच 1928 मध्ये अमेरिकेतले डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनी डोक्यावर मार खाऊन खाऊन अडखळत चालणाऱ्या, बरळणाऱ्या मुष्टियोद्ध्यांबद्दल शोधनिबंध लिहिला. म्हणजे अली होम्ससमोर उभा राहिला, तेव्हा हे 52 वर्षं माहीत होतं. 1984 मध्ये अलीला पार्किन्सनचं निदान झालं. तो ठोशांमुळेच झाला का, यावर डॉक्टरांत एकमत नाही. तरीही उतारवयातले ते तीन पराभव मी अलीच्या कीर्तीतून वजा करत नाही, आणि विसरतही नाही. ज्यांनी परवाना दिला, तिकिटं विकली, टाळ्या वाजवल्या, त्यांच्या नावावर ते लिहिलेले राहू द्यावेत.

होम्सनंतरही अलीने एक लढत केलीच. 11 डिसेंबर 1981, बहामातलं नासाऊ, समोर ट्रेव्हर बर्बिक. आयोजन इतकं ढिसाळ की फेरी सुरू-बंद करायची घंटाही नव्हती. गाईच्या गळ्यातली घंटा आणून वाजवली. त्या घंटेवर अली दहा फेऱ्या लढला आणि हरला.

आमच्या त्या पैलवानांना मी पुढच्या पोळ्यालाही पाहिलं. कुस्ती मात्र नव्हती. पांढरा सदरा, गळ्यात शिट्टी, गुडघ्याला तेच कापड. ते पंच होते. पोरं फार वेळ नुसती खडाखडी करत राहिली की मधे हात घालून त्यांना मागे सारत आणि पुन्हा हात मिळवायला लावत.